ओलं फडकं

बोट आरपार गेलं. आवाज झाला नाही. म्हणजे मला वाटायचं, अशा वेळी कट् किंवा चर्र असं काहीतरी ऐकू येत असेल, निदान सावरायला अर्धा सेकंद मिळत असेल. पण पॉलिश पेपर धरलेलं माझं बोट सरळ लाकडाच्या आत गेलं आणि आतल्या दिव्याची ऊब नखाला लागली. रविवारची सकाळ होती. खिडकीला बाबाचा काळा पडदा लावून मी खोलीत अंधार केला होता, आणि बाहेर शेजारच्या काकू गच्चीवर गादी झोडपत होत्या. त्या झोडपतच राहिल्या. मी बोट बाहेर काढलं नाही. काढलं तर भोक दिसेल, आत आहे तोवर भोक नाही, नुसतं बोट आहे, असा विचार मी खरोखर केला. शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलेली, बाईंनी जिला स्टाफरूममध्ये बोलावून सगळ्यांसमोर 'ही ती' म्हणून दाखवलं होतं, ती मी; आणि गादीचे फटके मोजत उभी. बावीस झाले. मग काकू गादी घेऊन खाली गेल्या, आणि इतकं शांत झालं की बोट काढावंच लागलं. भोकातून उजेडाची एक काडी बाहेर आली आणि समोरच्या भिंतीवर, पटाश्यांच्या रांगेच्या वर, पैशाएवढा पिवळा ठिपका पडला. मी हलले तरी तो हलेना.

लाकूड बाबाचं होतं. रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडाचा, माझ्या कमरेएवढा ओंडका. बाबानं तो आतून पोखरून पिंपासारखा पोकळ केला होता आणि बाहेरून त्यावर चतुराचा पंख कोरायला घेतला होता. माझा बाबा उजेडाची लाकडं करतो. 'दिवे' म्हटलेलं त्याला आवडत नाही. दिवा दुकानात मिळतो म्हणतो. याआधी त्यानं कासवाची पाठ केली, आटलेल्या तळ्याच्या भेगा केल्या, मधमाश्यांचं पोळं केलं, ते एका वाचनालयाच्या जिन्यात अजून लावलेलं आहे आणि मी लहान असताना त्याला चाटून बघितलं होतं म्हणे. पण चतुर त्याच्या मनात फार दिवसांपासून होता. मेलेला एक चतुर त्यानं रिकाम्या काडेपेटीत कापसावर ठेवला होता आणि आमच्या घरी पाहुण्यांना आधी पाणी मिळायचं, मग चतुर. "बघ टकळे," तो मला शंभराव्यांदा दाखवायचा. माझ्या तोंडाची टकळी कायम चालू म्हणून मी टकळी. "पुढच्या कडेला मोठ्या खिडक्या, मागे जाता जाता बारीक बारीक. एकीसारखी दुसरी नाही. आणि तरी कुठे चुकलंय असं वाटतं का?" मी म्हणायचे, "बाबा, तो मेलाय." तो म्हणायचा, "म्हणून तर नीट बघता येतं." आई आतून म्हणायची, "जिवंत माणसांकडे पण बघत जा कधीतरी. गॅस संपलाय."

काम असं असायचं. ओंडक्याच्या पोटात दिवा ठेवायचा, खोलीत काळोख करायचा, आणि बाहेरून शिरांमधली एकेक खिडकी गोल पटाशीनं खोल करत जायची. पंखाच्या शिरा तेवढ्या जाड ठेवायच्या. लाकूड आधी काळंच दिसतं. मग कोऱ्या चहासारखं होतं, मग आतून लाली धरतं, आणि मग एका क्षणी, पटाशीच्या एका हलक्या फिरवण्यानं, मधाचा रंग येतो. तिथे थांबायचं. बाबाकडे जाडी मोजायचं कुठलंही यंत्र नव्हतं. मधाचा रंग आला की तो पटाशी उचलायचा आणि तोंडानं 'हं' असा आवाज करायचा, स्वतःशीच, चव घेतल्यासारखा. लहानपणी मी त्या काळोखात स्टुलावर बसून गृहपाठाची पाठांतरं करायचे, आणि मधेच एक नवी खिडकी पेटायची. हं. सात नवे त्रेसष्ट. हं. आणखी एक नियम होता. लाकूड ओलं हवं. ते एकदम वाळलं की तडकतं, म्हणून काम संपेपर्यंत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, आणि सगळं झाल्यावरच महिनाभर सावलीत हळूहळू वाळू द्यायचं. मोठ्या खिडक्या झाल्या होत्या, मधल्याही बऱ्याच झाल्या होत्या, बारीक तेवढ्या उरल्या होत्या, तेव्हा एका सकाळी आईला पटाशी पडल्याचा आवाज आला. बाबा पटाशी कधी पाडत नाही. आई धावत गेली. तो जमिनीवर बसला होता आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्या घरी राहिलाय तसा.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्याला बोलता आलं. जीभ जड होती, शब्द सावकाश यायचे, पण कळायचे. पहिला शब्द आईला वाटलं तिचं नाव असेल. तो म्हणाला, "फडकं." आई म्हणाली, "अरे, मुलगी जेवली का विचारावं माणसानं." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दोनदा." मी म्हटलं, "मारते बाबा, दोनदा पाणी मारते. सकाळी शाळेआधी आणि आल्यावर." तो म्हणाला, "शहाणी." तेव्हा ते खरं होतं. पहिला आठवडा मी रोज दोनदा मागच्या खोलीत गेले, झारीनं पाणी घातलं, फडकं पिळून पुन्हा लपेटलं. जमिनीवर त्याची एक चप्पल पडलेली होती, ती मी उचलली नाही, का कोण जाणे. ओल्या लाकडाला पावाच्या पिठासारखा आंबूस वास येतो. तो माझ्या हातांना शाळेतही यायचा, आणि मला अभिमान वाटायचा. रोज संध्याकाळी इस्पितळात तोच प्रश्न, तेच उत्तर. फडकं? ओलं आहे. बाजूच्या पलंगावरचे आजोबा म्हणायचे, "यांच्या घरी बाळ आहे का लहान?"

आणि मग दुसरा आठवडा. मी खूप वेळा स्वतःला समजावलं आहे की त्या खोलीत जायची मला भीती वाटली, चप्पल बघवत नव्हती, मन लागत नव्हतं. ऐकायला छान आहे. खरी गोष्ट अशी की मी आनंदात होते. आयुष्यात कधी नव्हते इतकी. घरात टकळी आणि वर्गात मुकी अशी मी नऊ वर्षं काढली होती. शाळेत नुसती हजेरी द्यायची तरी मी तोंड न उघडता हात वर करायचे. आणि बाबा आजारी आहे हे कळल्यावर बाईंनी दयेपोटी मला वक्तृत्वात घातलं, मी पहिल्या फेरीत उभी राहिले, तोंड उघडलं आणि आवाज आला. माझाच. मोठा, गोल, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मुली हसल्या तिथे मी त्यांना हसवत होते, गप्प झाल्या तिथे मी गप्प केलं होतं. काय सांगू, पायऱ्या उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते. त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर सराव, सरावानंतर मैत्रिणींबरोबर बसथांब्यावर उगाचच एक तास, ज्या मुली मला ओळखत नव्हत्या त्या माझी वेणी ओढायला लागल्या. एक दिवस मी फडकं खरंच विसरले. इस्पितळात बाबानं विचारलं आणि मी म्हटलं, "ओलं आहे." आजारी माणसाला कशाला घोर. दुसऱ्या दिवशी आठवण होती. होती, हेच तर. सकाळी दात घासताना आठवलं, चपलेत पाय घालताना आठवलं, आणि वाटलं संध्याकाळी एकदम भरपूर मारू. संध्याकाळी वाटलं सकाळी. असं करता करता ते दार घरातल्या भिंतीचाच भाग झालं. आणि माझ्या भाषणाचा विषय काय होता? माझे बाबा आणि उजेड. अंतिम फेरीत मी हात पसरून चतुराचा पंख केला, मधाचा रंग सांगताना आवाज हळू केला, आणि शेवटी म्हटलं, "आज बाबा इस्पितळात आहेत, पण दिवसातून दोनदा मी त्या लाकडाला पाणी पाजते, कारण उजेड तहानलेला राहू नये." टाळ्या किती वेळ वाजल्या. पहिल्या रांगेतल्या एक बाई चक्क डोळे पुसत होत्या. तो फडक्याला पाणी न लागल्याचा आठवा दिवस होता.

कप घेऊन घरी आले आणि थेट मागच्या खोलीत गेले. कदाचित लाकडाला दाखवायला. फडकं पत्र्यासारखं कडक झालं होतं, सोडवताना त्याचा ओंडक्याचाच आकार राहिला. वरच्या काठापासून खाली, टाचणीनं ओढल्यासारखी एक रेघ. एवढीशीच. बोटाला लागतही नव्हती, नखाला लागायची. दुसऱ्या दिवशी मी बाबाच्या मित्राकडे गेले. तो सुतार आहे, आम्ही त्याला रंधाकाका म्हणतो, कारण कुणी कितीही फुशारकी मारली तरी तो दोन वाक्यांत तासून सपाट करतो. मी म्हटलं, "काका, समजा एखाद्या लाकडाला बारीक तडा गेला, तर पुन्हा भिजवून—" तो खुर्चीचे पाय जुळवत होता. "समजा राहू दे. कुठला?" त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा खुर्चीकडे. "हात लावू नकोस. बाबा घरी येऊ दे, तो बघेल काय करायचं ते. तुझी जीभ चालते म्हणून पटाशी चालेल असं नाही." मला राग आला. खरं सांगते, फार राग आला, कारण त्या आठवड्यात मला कुणी नाही म्हणत नव्हतं.

पण मी पटाशी उचलली ती रागामुळे नाही. त्याच संध्याकाळी इस्पितळाच्या लांबट व्हरांड्यात डॉक्टर आईशी बोलत होते आणि मी पाण्याच्या नळाशी बाटली भरत होते. ते म्हणाले, काठीनं चालतील, बोलणं आणखी सुधारेल, मात्र बारीक काम, तेवढा हात परत येईल असं मी सांगणार नाही. आई म्हणाली, "बरं." दुकानदारानं साबण संपलाय सांगितल्यावर म्हणते तसं. बाटली भरून वाहत होती. मी आत गेले तर बाबा डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता. मी विचारलं, "बाबा, उरलेल्या बारीक खिडक्या मी करू?" त्यानं वेळ घेतला. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागायचा, म्हणून मला वाटलं मोठं उत्तर येईल. "थांब," तो म्हणाला. "मी येतो ना." मी मान डोलावली. तो म्हणाला, "फडकं?" मी म्हटलं, "ओलं आहे."

त्याला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं, की तो येणार नाही. म्हणजे घरी येईल, पटाशीपाशी येणार नाही. हे एवढं मोठं माझ्याकडे आणि त्याच्याकडे नाही. मला वाटलं, मी ते पुरं केलं, तडा एका शिरेत मिसळून टाकला, सगळा पंख पेटवून दाखवला, तर सगळंच झाकलं जाईल: तडा, आठ दिवस, डॉक्टर. तो पंखाकडे बघेल, हाताकडे बघणार नाही. माझ्या अंगात तेव्हा इतका जोर होता. बाबाचे हात मी जन्मापासून बघितले होते, पटाशी कशी धरायची, मनगट कुठे टेकायचं, सगळं. आणि मला जमतही होतं. तडा गेलेल्या रेघेशेजारून मी एक शीर सोडली, ती वाकडं वळण घेत गेली आणि अगदी पंखातली वाटली. मग शीर संपते तिथली खिडकी. काळी. चहा. लाली. मी थांबले, डोळे बारीक केले. मध नव्हता. आणखी थोडं. लाली. पटाशी ठेवून पॉलिश पेपर घेतला, म्हणजे हळूहळू जाता येईल. लालीच. मी माझ्या डोळ्यांवर संशय घेतला, दिवा पुसला, पडदा घट्ट लावला. बाबाच्या खिडक्यासुद्धा आज तांबूसच दिसत होत्या, पण मला वाटलं मला तसं वाटतंय. एकदा तर मी तोंडानं 'हं' करून बघितलं. तो मध येईपर्यंत मी थांबणार नव्हते. बोट आरपार जाताना शेवटच्या क्षणी मात्र तो आला. कागदासारख्या पातळ लाकडातून, भोकाच्या कडेला गोल, पिवळाधमक.

रंधाकाकाला मीच बोलावलं. तो आला, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला. चेष्टा केली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "वाळलेल्यावर घासलंस," तो म्हणाला. "ओल्या लाकडातून उजेड लवकर येतो. वाळलं की तेच लाकूड उजेड अडवून धरतं. त्याचा तो मध ओल्याचा होता. हे वाळकं तुला मध कुठून देणार?" मी म्हटलं, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं." काका म्हणाला, "त्याला सांगायची वेळच आली नसेल. त्याच्या हातात ते कधी वाळलंच नाही." मग म्हणाला, "सांगितलंस का त्याला?" मी म्हटलं, सांगते. बुधवारी गेले, गुरुवारी गेले. एवढं मोठं बोलणारं तोंड, आणि त्यात 'बाबा' या शब्दापुढचा शब्द नव्हता. फडकं? ओलं आहे. आता ते खरंही होतं. भोकावरून मी फडकं नव्यानं लपेटलं होतं आणि दिवसातून चारदा पाणी मारत होते.

शनिवारी दुपारी त्याला घरी आणलं. चाकाच्या खुर्चीतून उंबऱ्यावरून आत घेताना आई म्हणाली, "आधी चहा घे. लाकूड कुठे पळून जात नाही." तो म्हणाला, "ने." म्हणजे मला. मी खुर्ची ढकलत मागच्या खोलीत नेली. चप्पल तिथेच होती. तिच्यावरून चाक जाऊ नये म्हणून मी ती पायानं सरकवली. त्यानं डावा हात पुढे केला आणि फडक्यावर ठेवला. त्याचा चेहरा, अर्धाच हलायचा तो, पण तो अर्धा इतका खूश झाला. "ओलं आहे," तो म्हणाला. मी त्याला दिला होता तोच शब्द त्यानं मला परत दिला. मी म्हटलं, "बाबा, थांब, आधी मला—" तो म्हणाला, "सोड." मी गाठ सोडली. फडकं खाली पडलं, पाण्याच्या वजनानं थप्प असं.

मी सगळ्याची तयारी केली होती. तो ओरडेल, रडेल, आजारी माणूस आहे, रडेलच, किंवा वाईट म्हणजे मला समजावेल. त्यानं भोकाच्या कडेला अंगठा आतून आणि बोट बाहेरून धरलं आणि चिमटीत जाडी बघितली. मग माझी ती शीर बोटानं चाचपली, वरपासून खालपर्यंत, आणि तिच्या कडेचा तडा त्याला सापडला. तिथे त्याचं बोट थांबलं. "हे वाळल्यावर केलंय," तो म्हणाला. "हो." कुणी केलंय हे त्यानं विचारलं नाही. "कधीपासून वाळलेलं?" स्वयंपाकघरात आई कपबश्या काढत होती. "दुसऱ्या आठवड्यापासून," मी म्हटलं. तो शब्द गोळा करत राहिला. मी त्याला मदत करू शकले असते, मला ते सगळे माहीत होते, पण मी केली नाही. "मी विचारायचो," तो म्हणाला. "रोज." मी म्हटलं, "रोज." त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. डोळे बारीक करून, लाकडात किती आत काय आहे ते बघायचा, तसं बघितलं. आणि मी तिथे उभी राहिले, मागे दिवा नसल्यासारखी. "झाक," तो म्हणाला.

मी ते झाकलं. त्यावर तो पुढे कधी बोलला नाही. रंधाकाका येऊन म्हणाला, ठिगळ बसवू, कळणार नाही कुणाला, बाबा म्हणाला, "असू दे." माझ्याशी तो चांगला वागतो. इतका चांगला की मला वाटतं कपाळ भिंतीवर आपटावं. मी भरवते तेव्हा तो खातो, मी केस विंचरते तेव्हा मान वळवून देतो, माझ्या शाळेतल्या गमती ऐकून ओठाच्या एका कोपऱ्यानं हसतो. शाळेत माझं नाव आता जिल्ह्याच्या स्पर्धेला दिलंय. मी उभी राहते, आवाज येतो, मागच्या बाकापर्यंत जातो, आणि मी बोलत असते तेव्हा माझ्या आत कुणीतरी प्रत्येक वाक्याला नख लावून बघत असतं.

आज व्यायाम शिकवणाऱ्या ताई यायच्या होत्या. त्या बुधवारी येतात, आणि त्या यायच्या आधी बाबाला केस नीट लागतात. तो खिडकीशी बसला होता, मांडीवर तो व्यायामाचा मऊ चेंडू. मी शाळेचे बूट घालत होते. "आज वार कोणता?" त्यानं विचारलं. "बुधवार," मी म्हटलं. तो बाहेर बघत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा म्हटलं, "बुधवार आहे, बाबा." त्यानं मान हलवली, ऐकलं एवढंच सांगायला. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. आई वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. बाबानं तोंड तिच्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवत विचारलं, "आज वार कोणता गं?"

"बुधवार," आई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाला, आणि त्यानं डाव्या हातानं चेंडू उचलून उजव्या तळव्यावर ठेवला.